जुन्या संगणकांची मरामत

अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या अशी जिनसवार वाटणी झालेली आणि १६३८ च्या सुमारास शहाजीराजांच्या जहागिरीत आलेली जी बंगळूरची जुनी पेठ, तिला लागूनच, टाऊन हॉलपासून थोड्या अंतरावर, सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे शहर त्याला 'एस. पी. रोड' म्हणते. विजेचे सामान आणि यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या या रस्त्याने, नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने देशात संगणकांचा प्रसार सुलभ केल्यानंतरच्या काळात, संगणकाच्या सामानाची मोठी बाजारपेठ म्हणून लौकिक मिळवला. नव्या मालाच्या दुकानांवरून नजर काढून अरुंद जिन्याने वर गेले, की मल्टिमीटर, सोल्डरची तार आणि तापलेल्या राळेचा वास असलेल्या खोल्या लागतात. ज्या शहराची कीर्ती नवनव्या आज्ञावलींच्या जोरावर पसरली, त्याच शहराच्या पोटात पंधरा-वीस वर्षे राबलेल्या संगणकांची मुदत वाढवून देणारा हा व्यवसाय चालतो, याची दखल क्वचितच कोणी घेतो.

वीज या शहराला नवी नाही. शिवनसमुद्र येथे कावेरीच्या प्रपातावर १९०२ मध्ये सुरू झालेल्या केंद्रातून प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली आणि १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. परंतु दिवा लावणे निराळे आणि संगणक चालवणे निराळे. दाब घसरला तर दिवा मंद होतो, पंखा सावकाश फिरतो, संगणकाचा वीजपुरवठा-संच, म्हणजे एस.एम.पी.एस., मात्र आतील मंडळांना ठरलेली शक्ती पुरवण्यास बांधलेला असल्याने कमी दाबावर अधिक प्रवाह ओढतो आणि स्वतः तापतो.

म्हणूनच या धंद्यातील जाणता कारागीर मदरबोर्डाला हात लावण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या घरातील प्लगची उलटतपासणी करतो. फेज आणि न्यूट्रल यांत सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थ यांतही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांत दोन-तीन व्होल्टांहून अधिक नाही, अशी ही तीन मापे असावी लागतात. तिसरे माप बिघडलेले असते अशा घरांतून एक ठराविक तक्रार येते: कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. आत पाणी गेले असेल, एखादी तार सोलली असेल, असे तर्क घरोघरी लढवले जातात. वास्तविक एस.एम.पी.एस.च्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोहोंकडून पत्र्याच्या पेटीकडे गेलेले दोन लहान कपॅसिटर असतात. विजेतील गोंगाट जमिनीत उतरवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम. जमिनीची वाटच तुटली असेल, तर ती पेटी अधांतरी राहून निम्म्या दाबावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांवर तरंगते. प्रवाह अत्यल्प असल्याने माणूस बहुधा केवळ दचकतो. पण त्याच अवस्थेत प्रिंटरची केबल जोडली, की दोन यंत्रांच्या दाबांतील तफावतीमुळे त्या नाजूक तारांतून प्रवाह वाहतो आणि पोर्ट जळतो. खोट भिंतीतील तारेत असते आणि दंड बोर्डाला होतो.

११५ या आकड्याने बंगळूरकरांना आणखी एक धडा शिकवला आहे. अमेरिकेहून परतणाऱ्या मुलाने सामानात आणलेल्या संगणकाच्या मागे एक लहानसे तांबडे बटण असे. ते ११५ वरच ठेवून २३० च्या प्लगात जोडले, की एरवी सुमारे ३२५ व्होल्ट सोसणाऱ्या कपॅसिटरांच्या जोडीवर त्याच्या दुप्पट भार येई आणि स्फोटाचा आवाज शेजारपाजाऱ्यांपर्यंत जाई. इतक्या महागड्या यंत्राचे भवितव्य इतक्या क्षुल्लक बटणाच्या हवाली करणाऱ्या रचनाकारांचे कौतुक करावे तेवढे थोडेच!

तथापि या जिन्यांवर सर्वाधिक वेळ ज्या दोषाने खाल्ला, तो घरचा नव्हे, कारखान्यातून आलेला होता. १९९९ ते २००७ च्या दरम्यान बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर आणि एस.एम.पी.एस.मध्ये सदोष विद्युत्‌द्रव असलेले कपॅसिटर बसले होते. त्या द्रवातील पाण्याची ॲल्युमिनियमवर होणारी क्रिया रोखणारे घटक अपुरे असल्याने आत हायड्रोजन साचे, माथ्यावरची खाच फुगे आणि तिच्यातून तपकिरी गाळ बाहेर येई. प्रोसेसरच्या भोवती, जेथे १२ व्होल्टांचे दीड व्होल्टाच्या आसपास रूपांतर होऊन प्रवाह कित्येक अँपिअरपर्यंत चढतो, तेथेच हे कपॅसिटर रांगेने उभे असत. लक्षणे फसवी होती. यंत्र मध्येच पुन्हा सुरू होई. आणि डिसेंबरातील बंगळूरच्या गारठ्यात, थंडीने जुन्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध आणखी वाढत असल्याने, पहाटे चार-पाच वेळा बटण दाबावे लागे व दुपारी तेच यंत्र बिनबोभाट चाले. गिऱ्हाईक विंडोज पुन्हा घालून घेई, रॅम बदली, आणि खरा अपराधी सहीसलामत राही.

अशा वेळी अनुभवी हात प्रथम एस.एम.पी.एस. बोर्डापासून सोडवतो, हिरवी तार काळ्या तारेला जोडून तो एकटाच चालवतो, भार लावून ५ आणि १२ व्होल्ट पाहतो, मग बोर्डावरील फुगलेले कपॅसिटर काढून १०५ अंश तापमान सोसणारे नवे बसवतो. घड्याळ मागे पडण्याची तक्रार असली तर तीन व्होल्टांची सी.आर. २०३२ बॅटरी बदलली की भागते. ३८६ च्या पिढीतील बोर्डांवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तिच्या क्षाराने तांब्याच्या वाटाच खाल्ल्या असतील, तर मात्र काम दुर्घट होते.

हे कसब ओसरत चालले आहे. निदानाला दोन तास लावण्यापेक्षा जुना बोर्ड काढून दुसरा बसवणे दुकानदाराला किफायतशीर पडते, आणि बोर्डांचे नकाशे उत्पादक सहसा बाहेर देत नाहीत. डोबसपेट येथे २००५ पासून 'ई-परिसर' या कारखान्यात शास्त्रशुद्ध रीतीने इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची विल्हेवाट लागते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु चार कपॅसिटरांपायी सबंध यंत्राने तेथे जावे, हा माझ्या मते निव्वळ अपव्यय आहे. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून घरचे अर्थिंग मोजून घ्यावे. आणि 'मदरबोर्ड गेला' असा निकाल कोणी दिल्यास, कोठे किती व्होल्ट मिळाले याचा तपशील त्याच्याकडून कागदावर मागून घ्यावा.