ऊती द्रवातील प्रथिने व मेद

जबलपूरला नागपूर रोडवर आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिची स्थापना १९८४ सालची. या परिसरात पायांवर सूज येण्याची दोन कारणे आढळतात. एक हत्तीरोग, जो शेजारच्या कटनी जिल्ह्यात आणि खाली विदर्भात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आहे. दुसरे लहान मुलांचे कुपोषण. सूज दोन्हींत दिसते, पण आतला द्रव सारखा नसतो.

पेशींच्या मधल्या जागेत असलेल्या पाण्याला ऊती द्रव म्हणतात. ७० किलो वजनाच्या प्रौढात तो साधारण ११-१२ लिटर असतो. हे पाणी केशवाहिन्यांतून झिरपून येते. रक्तद्रवात दर १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, तर ऊती द्रवात सरासरी २ ते ३ ग्रॅम. प्रथिनांचे रेणू मोठे असल्याने थोडेच बाहेर पडतात.

आता महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्या. बाहेर पडलेले प्रथिन केशवाहिनीत परत शिरू शकत नाही. त्याला लसिकावाहिनी हा एकच मार्ग आहे. दिवसाला २-३ लिटर लसिका मानेच्या तळाशी असलेल्या शिरांत रिकामी होते आणि तिच्याबरोबर प्रथिने रक्तात परततात.

मेदाचीही वाट हीच. जेवणातले तेल-तूप पचल्यावर आतड्याच्या पेशी त्याचे प्रथिनांच्या वेष्टनातले बारीक थेंब बनवतात. हे थेंब केशवाहिनीत मावत नाहीत, म्हणून लसिकेत जातात. तुपकट जेवणानंतर आतड्याकडून येणारी लसिका दुधासारखी दिसते.

हत्तीरोगाचे कृमी नेमके लसिकावाहिन्यांत राहतात आणि त्या निकामी करतात. मग प्रथिने ऊतींत साचतात, पाणी ओढून धरतात, हळूहळू तंतू वाढतात आणि पाय टणक होतो. औषधांनी रक्तातल्या कृमींच्या पिल्लांचा नाश होतो, पण बिघडलेली वाहिनी पूर्ववत होत नाही. म्हणूनच पाय रोज साबणाने धुणे, बोटांमधल्या भेगा कोरड्या ठेवणे आणि पाय उंच ठेवणे यांना खरे महत्त्व आहे. साचलेल्या द्रवात जंतुसंसर्ग लवकर होतो आणि प्रत्येक संसर्गाने सूज वाढते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या इथे फारशा कामाच्या नाहीत, कारण अडकलेली प्रथिने त्यांनी हलत नाहीत.

काही रुग्णांत पोटातल्या लसिकावाहिन्या मूत्रमार्गात फुटतात आणि लघवी दुधाळ होते. त्यात ईथर घालून हलवले की मेद विरघळून लघवी स्वच्छ होते. जेवणातला मेद कमी केला तरी दुधाळपणा उतरतो. मात्र लघवीतून प्रथिनेही जातात, म्हणून डाळ-अंडी कमी करू देऊ नका.

कुपोषित मुलात चित्र उलटे असते. तिथे रक्तातले अल्ब्युमिन घटते, पाणी रक्तात धरून ठेवणारी ओढ कमी होते आणि प्रथिने अगदी कमी असलेले पाणी ऊतींत उतरते. सुजेचे हे एकच कारण नसते, पण शिकताना इथूनच सुरुवात करावी. अशा पायावर अंगठा काही सेकंद दाबून उचलला तर खळगा राहतो. जुन्या हत्तीपायात तंतू वाढलेले असल्याने तो सहसा पडत नाही. दोन्ही पायांवर खळगा पडणारे मूल गुटगुटीत दिसते, वजनही पाण्यामुळे जास्त भरते. म्हणून अंगणवाडीत वजनाच्या नोंदीआधी पाय दाबून पाहा. खळगा राहिला तर वजन काहीही असो, मूल तीव्र कुपोषित धरून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.