म्हाताऱ्या कुत्र्याची सोबत: आधी नाक बघा, मग रूप

घरातला कुत्रा दहा-अकरा वर्षांचा झाला की त्याचा बहुतेक दिवस झोपेतच जातो. जोडीचा कुत्रा गेला असेल, तर तो आणखी मुका होतो. इटलीत ४२६ कुत्रापालकांची एक पाहणी झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. एक कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्याचं वागणं बदललं, असं त्यातल्या ८६ टक्के लोकांनी सांगितलं. खेळणं कमी, खाणं कमी, माणसाच्या मागेमागे राहणं जास्त. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘याला सोबत म्हणून एखादं लहानसं पिल्लू आणू या.’

विचार चांगला आहे. अमेरिकेतल्या ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’मध्ये २१ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांना घरात माणसांची आणि दुसऱ्या कुत्र्यांची सोबत होती, त्यांची तब्येत बरी असल्याचं २०२३ साली मांडण्यात आलं. ही माहिती पालकांनीच भरून दिलेली आहे, त्यामुळे सोबतीनेच तब्येत सुधारते असं काही त्यातून सिद्ध होत नाही. तरी ती दुर्लक्ष करण्यासारखीही नाही.

विदर्भातल्या रामटेकमध्ये पिल्लू निवडायचं तर पहिला विचार उन्हाचा करावा लागतो. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो आणि जिभेवरचं, नाकातल्या ओल्या घड्यांवरचं पाणी हवेत उडून त्याचं रक्त थंड होतं. लांब नाकात हा ओला पृष्ठभाग भरपूर असतो. पग किंवा शिह त्झूच्या चपट्या तोंडात मात्र हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या प्रमाणात आखूड झालं नाही. नाकपुड्या चिमटल्यासारख्या, मऊ टाळू घशात लोंबणारी. असा कुत्रा जितक्या जोरात धापा टाकतो तितकी त्याची श्वासनलिका सुजते आणि तितकाच तो अधिक तापतो. २००३ साली ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे चालणारा पग दिसला आणि देशभर पगची मागणी वाढली. त्या गोड घोरण्यामागे अर्धवट बंद असलेली श्वासाची वाट असते, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं. विदर्भात चपट्या नाकाचं पिल्लू आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कूलर आहे म्हणून चालेल, हा हिशेब दुपारी लाइट गेली की कोलमडतो.

लहान आकार हा मात्र स्वतः रोग नाही. कुत्र्याचा आकार ठरवण्यात ‘आयजीएफ-१’ या जनुकाचा मोठा वाटा असल्याचं २००७ साली कळलं. लहान चणीशी जोडलेला त्याचा प्रकार ५४ हजार वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यातही सापडला, हे २०२२ साली उघड झालं. म्हणजे माणसाने कुत्रा पाळण्याच्या कितीतरी आधीपासून हा प्रकार निसर्गात होता. एकूण पाहता लहान जातींचं आयुष्यही मोठ्या जातींपेक्षा जास्त असतं. आपल्याकडे ‘पॉमेरियन’ म्हणून घरोघरी दिसतो तो बहुधा इंडियन स्पिट्झ. लांब नाकाचा, चपळ आणि इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला. त्याचा विचार जरूर करावा. ‘टीकप’ म्हणून विकली जाणारी मूठभर पिल्लं मात्र टाळावीत. अशा पिल्लाचं एक-दोन वेळचं खाणं चुकलं, तरी रक्तातली साखर घसरून त्याला झटके येऊ शकतात.

पिल्लू हातात घेतलं की आधी त्याचा श्वास ऐका. खेळून झाल्यावर घरघर येते का? नाकपुड्या उघड्या आहेत का? डोक्यावरच्या टाळूला अजून मऊ खड्डा लागतो का? मग ते चालताना मागून बघा. लहान जातींत गुडघ्याची वाटी जागची सरकण्याची खोड फार असते. पिल्लू पळता पळता मागचा एक पाय उचलून दोन-तीन उड्या मारतं आणि पुन्हा नीट पळू लागतं. बघणाऱ्याला ते लाडिक वाटतं, पण तो पाय डॉक्टरांनी तपासायलाच हवा. हृदयातली खरखर तर स्टेथोस्कोपशिवाय कळणारच नाही. रामटेककरांना नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना काही फार लांब नाही. पैसे देण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

आणि आई बघा. पिल्लाची आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. या वयाच्या अटीला शास्त्राचा आधार आहे. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात पिल्लू इतर कुत्र्यांशी आणि माणसांशी वागायला शिकतं, हे स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ साली सविस्तर मांडलं. चावा किती जोराचा झाला की समोरचा खेळ सोडून जातो, हे त्याला आई आणि भावंडंच शिकवतात. लवकर तोडलेलं पिल्लू हा धडा तुमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानावर गिरवतं. जे पिल्लू धावत आपल्याकडे आलं तेच चांगलं, या समजुतीवर फार विसंबू नये. बॉर्डर कोली पिल्लांच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात, सहा-सात आठवड्यांच्या वयातल्या चाचण्यांवरून मोठेपणीच्या स्वभावाचा अंदाज फारसा बांधता आला नाही.

आता म्हाताऱ्याकडे वळू. खरं तर पहिली तपासणी त्याचीच व्हायला हवी. सांधे दुखत असतील, दिसत किंवा ऐकू येत नसेल, तर अंगावर उड्या मारणारं पिल्लू त्याला नकोसं होतं. वृद्ध कुत्र्यांमध्ये स्मृतिभ्रंशासारखी लक्षणंही दिसतात. एका अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि पंधरा-सोळा वर्षांच्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत असं निदान एक तरी लक्षण आढळलं. रात्री भटकणारा, कोपऱ्यात अडकून उभा राहणारा कुत्रा घरात असेल तर पिल्लू आणू नका. तीन-चार वर्षांचा शांत, लहान चणीचा कुत्रा दत्तक घेणं त्याच्यासाठी बरं.

दोघांच्याही लसी पाहा. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लातली लस निष्प्रभ करते. ती ओसरत जाते तशी एक अशी वेळ येते, की संरक्षणही नसतं आणि लसही पुरती लागू पडत नाही. पार्व्हो हा विषाणू नेमका तेव्हा गाठतो. म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. नवं पिल्लू पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. गोचीड आणि जंत यांचा बंदोबस्त त्याच काळात होतो.

आणायचं तर त्रिपुरी पौर्णिमेची गर्दी आणि फटाके सरल्यावर आणा. उन्हाळ्याआधी त्याला रुळायला तीन-चार महिने मिळतात. रात्रीच्या थंडीत मात्र उबदार अंथरूण हवंच. वेगळ्या खोलीतले दोन आठवडे सरले, की दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी आणि दोघांनाही दोरीत धरून व्हावी. खाण्याची भांडी वेगळी ठेवा. म्हाताऱ्याला पिल्लू चढू शकणार नाही अशी झोपायची एक जागा द्या. तो गुरगुरला तर त्याला रागावू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना असते, आणि ती दाबलेला कुत्रा पुढच्या वेळी थेट चावतो. अशा वेळी पिल्लाला उचलून बाजूला न्या आणि म्हाताऱ्याला हवा तेवढा वेळ एकटं राहू द्या.