निवडणाऱ्याची निश्चिंती
अमेरिकी विद्यापीठांत कसोटीचा काळ पार पाडल्यावर प्राध्यापकाला जी सेवाशाश्वती मिळते, म्हणजे गंभीर गैरवर्तन, अकार्यक्षमता किंवा संस्थेवरील आर्थिक संकट यांखेरीज नोकरीवरून दूर न करण्याची जी हमी मिळते, तिचे समर्थन बहुधा विचारस्वातंत्र्याच्या आधारे केले जाते. त्यामागे इतिहास आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहसंस्थापक जेन स्टॅनफर्ड यांच्या रोषामुळे अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांना १९०० साली पद सोडावे लागले; त्याच्या निषेधार्थ राजीनामा देणाऱ्यांपैकी आर्थर लव्हजॉय यांनी जॉन ड्यूई यांच्या साथीने १९१५ मध्ये प्राध्यापकांची संघटना उभी केली, आणि कसोटीचा काळ सात वर्षांहून अधिक नसावा हे तत्त्व तिच्या सहभागाने निघालेल्या १९४० च्या निवेदनाने रूढ केले.

मात्र ज्याच्या विषयावरून कोणाचाही रोष ओढवण्याचा संभव नाही, त्या लॅटिन व्याकरणाच्या किंवा बीजगणिताच्या प्राध्यापकाला ही हमी कशासाठी, याचे उत्तर या इतिहासातून मिळत नाही. ते कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञ लॉर्न कार्मायकल यांनी १९८८ मध्ये दिले, आणि सेवाशाश्वतीविषयीच्या साऱ्या युक्तिवादांत ते सर्वांत भक्कम आहे.

क्रिकेटचा संघ खेळाडू निवडत नाहीत. धावा आणि बळी धावफलकावर दिसतात, त्यामुळे मैदानाबाहेरची निवड समितीही ते काम करू शकते. बीजगणितातील एखादा नवा सिद्धांत मोलाचा आहे की नुसताच क्लिष्ट, हे कुलगुरूंना किंवा विश्वस्तांना सांगता येत नाही. ते त्याच विषयात आयुष्य घालवलेल्या चार-पाच जणांनाच कळते. विभागाच्या बैठकीत टेबलावर आलेल्या, नव्या उमेदवारांच्या प्रबंधांपैकी एक आपल्या स्वतःच्या कामाहून सरस आहे, हे त्यांच्यापैकी एकाच्या दुसऱ्याच पानावर ध्यानात येते. त्याची नोकरी दरवर्षी तुलनेवर ठरत असेल, तर या उमेदवाराची शिफारस करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे होय. तो गप्प राहील, मध्यम उमेदवार निवडला जाईल आणि विभाग पिढीगणिक खालावत जाईल. त्याचे पद अढळ असेल, तर खरे बोलण्यात त्याचे काहीच बुडत नाही. म्हणून ही हमी म्हणजे प्राध्यापकावर केलेली मेहेरबानी नव्हे. विद्यापीठाला दुसरीकडून मिळू न शकणारी माहिती प्रामाणिकपणे मिळावी, यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

किंमत लहान नाही. हमी मिळाल्यावर संशोधन थंडावणारे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि वयाच्या अटीवर प्राध्यापकांना सक्तीने निवृत्त करण्याची मुभा १९९४ पासून संपल्यामुळे हमीचा काळही लांबला. म्हणूनच हमीपूर्वीची पारख कठोर असते, आणि तीत न टिकणाऱ्याला त्याच पदावर न ठेवता बाहेरची वाट दाखवली जाते. आज मात्र अमेरिकेतील बहुसंख्य अध्यापक या व्यवस्थेबाहेर, मुदतीच्या किंवा अर्धवेळ कामावर आहेत.

महाराष्ट्रात कायमपणा आहे, पण तो या तर्कातून आलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार परिवीक्षेचा, म्हणजे उमेदवारीचा, काळ एक वर्षाचा आहे आणि तो फार तर आणखी एक वर्ष वाढवता येतो. इतक्या अवधीत संशोधकाची पारख होणे अवघड आहे. दुसऱ्या टोकाला तासिका तत्त्वावरील अध्यापक आहेत. नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेले, अनेकदा पीएच.डी. असलेले हे लोक घेतलेल्या तासांवर मानधन मिळवतात, शैक्षणिक वर्ष संपताच त्यांची नेमणूक संपते आणि पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. विभागातील तास मोजकेच असतात. अशा अध्यापकाला एखाद्या हुशार नव्या उमेदवाराविषयी मत विचारले, तर त्याच्यासमोर केवळ त्या उमेदवाराची गुणवत्ता नसते. उमेदवाराला मिळणारा प्रत्येक तास या अध्यापकाच्याच मानधनातून वजा होणार असतो.