कलेचा तास वेगळा कशाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

शाळेत कला कुठे असते, असे विचारले तर बहुतेक पालक दोन जागा सांगतील. एक म्हणजे स्नेहसंमेलनाचे स्टेज आणि दुसरी म्हणजे वेळापत्रकातला शेवटचा तास. परीक्षा जवळ आली की हा शेवटचा तासही गणिताकडे जातो, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. नोकरीची पहिली वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत गेली, पुढची सांगली जिल्ह्यात. या अनुभवावरून मला आज एवढेच सांगायचे आहे, की कला गणिताच्या, भाषेच्या, इतिहासाच्या तासात शिरली तर मुलांचे शिकणे पक्के होते. पण ती तशी शिरायची असेल तर आधी शिक्षकाला शिकत राहावे लागते.

याला आता 'कलासमेकित अध्ययन' असे नाव मिळाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा आग्रह धरलेला आहे. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. चित्र, गाणे, नाटक, नाच, हस्तकला यांच्या वाटेने मूल एखाद्या विषयातली कल्पना समजून घेते. मात्र इथे एक गल्लत नेहमी होते. धडा नेहमीसारखाच शिकवायचा आणि शेवटी मुलांना त्यावर चित्र काढून रंगवायला सांगायचे, याला कलासमेकित म्हणता येणार नाही. मी एक साधी कसोटी वापरते. धड्यातून ती कला काढून घेतली तर शिकण्यात काही कमी होते का? होत नसेल, तर ती नुसती सजावट होती.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी चालते ते आपल्याच भागातल्या तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण मिरजेचे. मिरजेचे सतारमेकर साऱ्या देशात प्रसिद्ध आहेत. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणाऱ्या भोपळ्यांपासून तिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आता याचा गणिताशी काय संबंध?

अपूर्णांक शिकताना पुष्कळ मुलांना वाटते, की एक तृतीयांश हा एक द्वितीयांशापेक्षा मोठा, कारण तीन हे दोनपेक्षा मोठे. फळ्यावर भाकरीचे तुकडे काढून दाखवले की मुले मान डोलावतात, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आम्ही एका फळीवर पोलादी तार ताणून बसवली. दोन्ही टोकांना लाकडाच्या घोड्या ठेवल्या, आणि दोन्हींमधले अंतर बरोबर ६० सेंटिमीटर ठेवले. मग एक तिसरी, सरकती घोडी केली. मोकळी तार छेडली की जो स्वर येतो त्याला 'सा' म्हणायचे. तार ४५ सेंटिमीटर ठेवली, म्हणजे तीन चतुर्थांश, की 'म' येतो. ४० सेंटिमीटरवर, म्हणजे दोन तृतीयांशावर, 'प' येतो. बरोबर निम्म्यावर, ३० सेंटिमीटरला, वरचा 'सा' लागतो. तार जितकी आखूड तितका स्वर चढा. एक तृतीयांश करायचा तर घोडी २० सेंटिमीटरवर आणावी लागते, आणि स्वर निम्म्या तारेपेक्षाही वर जातो. तो ऐकल्यावर तृतीयांश मोठा की द्वितीयांश, हे सांगायला बाईंची गरज उरत नाही.

इथे कला काढून घेतली तर काय उरते? फळी आणि मोजपट्टी. स्वर आहे म्हणून मूल आपले उत्तर स्वतः तपासू शकते. घोडी दोन सेंटिमीटर चुकली तर कानाला लगेच कळते.

दुसरे उदाहरण सांगलीचे. ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' हा खेळ केला. चिंतामणराव पटवर्धनांचा त्याला आश्रय होता. हा दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. भाषणे होतात, नटराजाला हार घातला जातो. पण त्या खेळाची रीत वर्गात वापरावी, असे फारसे कुणाच्या मनात येत नाही. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेत असे, आणि पात्रे प्रसंग ध्यानात घेऊन आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. म्हणजे संवाद पाठ करण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गातल्या नाटकाला याहून सोयीची रीत कुठली?

परिसर अभ्यासात 'पाणी' हा विषय असतो. आपल्या दोन जिल्ह्यांत या विषयाला दोन टोके आहेत. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीत येऊन कधी कधी घरांत शिरते. २०१९ चा महापूर अजून सगळ्यांच्या आठवणीत आहे. उलट पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत हे कमी पावसाचे तालुके. कराड तालुक्यातल्या टेंभूहून कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीपर्यंत नेले आहे. हे सगळे धड्यासारखे वाचून दाखवले तर मुले ऐकून घेतात. पण एक मूल सूत्रधार, एक कृष्णा, एक माणगंगा, एक सांगलीतला पूरग्रस्त दुकानदार आणि एक आटपाडीचा शेतकरी झाला, की पंचाईत सुरू होते. संवाद लिहून दिलेले नसल्यामुळे बोलायचे तर माहिती हवी. मग मुले नकाशा उघडतात, घरी विचारून येतात. कृष्णेला माणगंगा विचारते, "तुला एवढं पाणी, मग मला का नाही?" याचे उत्तर देण्यासाठी सह्याद्री, पावसाळी वारे आणि पर्जन्यछायेचा प्रदेश समजावा लागतो.

आमच्या वर्गात मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर कुटुंब मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरायचे, त्यामुळे त्याची हजेरी अर्धवट आणि वाचनही मागे. पण शेतकऱ्याला चारा-पाण्याचे प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा कुठल्या गावाला कधी पाणी असते, कुठला ओढा कधी आटतो, हे त्याच्याइतके कुणालाच सांगता येईना. तो त्याच्या बोलीत बोलला. आम्ही ती वाक्ये फळ्यावर लिहिली आणि वाचनाचा पाठ तिथूनच सुरू केला. आपण स्वतः बोललेले वाक्य वाचताना मूल अडखळत नाही. फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन मुळात भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या बोलीचा त्यांनी अभ्यास केला होता. मुलाची घरची बोली शाळेने आदराने आत घ्यावी, हे आपल्या भागात त्यांनी प्रत्यक्ष कामातून दाखवले. नाटक हा ती आत घेण्याचा सोपा दरवाजा आहे.

तिसरे उदाहरण औंधचे. खटाव तालुक्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारले. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी तेव्हा औंध संस्थानातच होती, म्हणजे हा ठेवा दोन्ही जिल्ह्यांचा म्हणायला हरकत नाही. राजा रविवर्मा, धुरंधर अशा चित्रकारांची चित्रे तिथे आहेत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराची कृतीही आहे. शाळांच्या सहली तिथे जातात. मुले रांगेने आत जातात आणि रांगेने बाहेर येतात.

त्याऐवजी एकाच चित्रासमोर दहा मिनिटे थांबावे. चित्रात काय दिसते, हे आधी विचारावे. मग चित्रकाराने हे स्वतः पाहिले असेल का, हे विचारावे. धुरंधरांनी शिवछत्रपतींच्या जीवनातले प्रसंग रंगवले. त्यांचा जन्म १८६७ चा आणि महाराजांचे निधन १६८० चे. मधली १८७ वर्षे मुले स्वतः वजाबाकी करून काढतात. मग प्रश्न येतो, की पोशाख, दरबार, चेहरे त्यांनी कशावरून काढले? इतिहासाचे साधन कशाला म्हणायचे, पुरावा कोणता आणि कल्पना कोणती, हे चौथीच्या मुलाला इतक्या सोप्या रीतीने समजते. त्यामुळे चित्राचा मानही कमी होत नाही. उलट चित्रकाराने किती अभ्यास केला असेल, हे मुलांच्या ध्यानात येते.

आता दुसरा भाग, शिक्षकाचा. वरचे तीन पाठ ऐकायला सोपे वाटतात. पण असे पाठ सुचतात कुठून?

आपल्याकडे प्रशिक्षणाची एक ठरलेली उतरंड आहे. राज्यावर प्रशिक्षण होते, ते जिल्ह्यावर येते, तिथून तालुक्यावर आणि शेवटी केंद्रशाळेत. दूध एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत नेले की प्रत्येक वेळी थोडे सांडते, तसे याचे होते. खेड्यातल्या शाळेसाठी शिक्षक घडवावा लागतो, ही जाण आपल्या मातीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्येच साताऱ्यात ग्रामीण अध्यापक विद्यालय सुरू केले होते. पण पदविका हातात पडली म्हणजे शिक्षकाचे शिकणे संपले, असा समज मात्र पुढे रूढ झाला.

अलीकडचे उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे. तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी २०१२ च्या सुमारास आपल्या बीटमधल्या सुमारे ४० शाळांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीचे काम उभे केले. मुले फरशीवर आखलेल्या आकृत्यांभोवती बसून, खडे, काड्या, मणी हाताळून शिकू लागली. २०१५ मध्ये राज्याने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रभरातून शिक्षक गाड्या भरून कुमठ्याचे वर्ग बघायला येऊ लागले. शिक्षक दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग बघायला एवढ्या संख्येने जातो, हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

पुढे काय झाले, तेही बोलले पाहिजे. अनेक शाळांनी परतल्यावर फरशा रंगवल्या. रंग तोच, आकृत्याही त्याच. पण ती आकृती तिथे का आखली होती, मूल तिच्यावर काय करते, हा विचार सगळीकडे पोहोचला नाही. काही ठिकाणी तर फरशी खराब होऊ नये म्हणून मुलांना तिच्यावर बसू देत नसत! कलेचेही असेच होण्याची भीती आहे. तार बसवलेली फळी कपाटात छान दिसेल, पण घोडी सरकवायला मुलांच्या हाती ती मिळणार नसेल तर तिचा उपयोग काय?

मग उपाय काय? जपानमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ एक पद्धत चालत आली आहे. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. एक जण तो घेतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात. मग सगळे मिळून त्यावर बोलतात, पाठ दुरुस्त करतात आणि दुसरा शिक्षक तो पुन्हा घेतो. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद असतेच. तिथे परिपत्रके वाचण्यातला एक तास वाचवून एक पाठ पाहिला, तर वेगळी तरतूद लागणार नाही. नव्या धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. ते सगळे तास पडद्यासमोर बसूनच भरले पाहिजेत असे नाही.

आम्ही तिघी-चौघांनी असे काही पाठ केले. नियम एकच होता, शिक्षकावर शेरा मारायचा नाही, मुलांनी काय केले तेवढेच सांगायचे. "बाई, तुम्ही छान शिकवलंत" याने कुणी शिकत नाही. "मागच्या रांगेतल्या दोघींनी घोडीला हातच लावला नाही" याने शिकता येते. पुढच्या पाठाला आम्ही एका फळीऐवजी चार फळ्या केल्या.

शिक्षकमित्र मला विचारतात, "मला गाता येत नाही, चित्र येत नाही, मी काय करू?" गावात भजनी मंडळ असते, सुतार असतो, गजीनृत्य करणारे धनगर बांधव असतात, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी असते. त्यांना वर्गात बोलवावे आणि आपण मुलांच्या शेजारी बसावे. बाईंनाही हे येत नव्हते आणि त्या शिकत आहेत, हे मुलांना दिसणे हासुद्धा एक धडाच आहे. दुसरा प्रश्न अभ्यासक्रम पुरा होण्याचा. प्रत्येक पाठात कला आणायची गरज नाही. पाढे पाठच करावे लागतात, शुद्धलेखन गिरवावेच लागते. जिथे मुले दरवर्षी अडतात असे तीन-चार पाठ निवडावेत. तिथे गेलेला वेळ पुढे उजळणीत भरून निघतो.

पालकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी शाळेत गेलात तर भिंतीवर किती चित्रे लावली आहेत, हे मोजू नका. एखादे चित्र दाखवून मुलाला विचारा, "हे काढताना तुला काय कळलं?" मूल सांगू लागले, तर त्याच्या शिक्षकांना तेवढे आवर्जून सांगून या. शिक्षकाला पुढचा पाठ करायला बळ यातूनच मिळते.