तीस पौंडी रूळ

चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचं झाकण असतं, हे खालून कधी लक्षात येत नाही. मला ते रंगाऱ्यानं शिडीवर चढवून दाखवलं. झाकण निसटलं की पाऊस सरळ आत उतरतो, तळाच्या जुन्या काजळीत मुरतो आणि ते पाणी लोखंड आतून खात सुटतं. “वरून नवरदेव, आतून चाळणी. बघा की साहेब,” तो म्हणाला.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका स्टेशनाबाहेरचं हे नॅरोगेजचं इंजिन. दोन सकाळी मी तिथं उभा राहून काम पाहिलं. आधी तारेचा ब्रश. गंजाचे पापुद्रे सुटून हातावर, भुवयांवर बसतात. मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की काळा रंग. चाकांच्या कडा पांढऱ्या, पुढची आडवी पट्टी लाल. आमच्याकडची कोरडी हवा लोखंडाला मानवते, मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यासारखी ती रोज चावत नाही. तरी बॉयलरवरच्या पत्र्याच्या आवरणाआड ओल धरते, आणि तिथं ब्रश पोचतच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इंजिन झळाळलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी फोटो काढले. एकानंही काही विचारलं नाही, कारण विचारावं असं त्या चौथऱ्यावर काही दिसतच नव्हतं. छातीइतक्या उंचीवर चाकं, भोवती कुंपण, शेजारी ‘चढू नये’ची पाटी. देव्हाऱ्यात ठेवावं तसं इंजिन ठेवलं की माणूस हात जोडतो आणि पुढं जातो.

हे इंजिन ज्या बार्शी लाइट रेल्वेचं, तिची खरी करामत चाकांच्या खाली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, ते बार्शी असा अडीच फुटी, ७६२ मिलिमीटरचा मार्ग सुरू केला. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की कापसानं भरलेली वाघीण, हा त्याचा हट्ट. लीड्सच्या किट्सन कारखान्यातून आलेल्या इंजिनांना म्हणूनच जोडलेली आठ चाकं होती: वजन वाटून घ्यायला. वजन वाटलं गेलं म्हणून रूळ हलके चालले, रूळ हलके म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणूनच ही गाडी पुढं पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत जाऊ शकली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग रुंद झाला.

हे सगळं पाटीवर लिहून कोण वाचणार? त्यापेक्षा रुळाचा तुकडा ठेवावा. बार्शी लाइटचे सुरुवातीचे रूळ वाराला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरभर तुकडा जेमतेम १५ किलोचा. आठवीतला मुलगा तो दोन्ही हातांनी उचलेल. शेजारी आजच्या ब्रॉडगेजचा मीटरभर तुकडा ठेवावा: ६० किलो, सिमेंटच्या पोत्याहून जड. तो हलत नाही म्हटल्यावर पोरगं स्वतःच वळून चाकांकडे बघेल. मग इंजिनाखाली एक खड्डा हवा, कारखान्यात असतो तसा, पायऱ्यांनी उतरून आस खालून मोजता येईल असा.

यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘एलरमन लाइन्स’ हे इंजिन एका बाजूनं कापून ठेवलं आहे. भट्टी, बॉयलरच्या नळ्या, सिलिंडर सगळं उघडं, आणि चाकं विजेच्या मोटरवर फिरतात. आपल्याकडे असं कापायचं म्हटलं तर वारसाप्रेमी अंगावर येतील, आणि एकच नग उरला असेल तर त्यांचं बरोबरच आहे. पण पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात १९९८ पासून हातभर गाड्या सिग्नल पाळत धावतात, आणि मोठी माणसंही खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात. खेळण्यातली गाडी बोलते, खरी मात्र मुकी उभी. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. सोलापूरचा हक्क त्याहून कमी नाही. ब्रॉडगेज इथं १८६० मध्ये पोचलं, होटगीहून गदगकडे मीटरगेज गेलं, कुर्डुवाडीला नॅरोगेज. एका जिल्ह्यात तीन रुंद्या! तिन्ही शेजारी-शेजारी अंथरल्या आणि त्यांत दोन पाय फाकवून उभं राहू दिलं तरी निम्मं प्रदर्शन तिथंच झालं.

मला स्वतःला मात्र कुर्डुवाडीचा फलाट हवा आहे. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत जायचा तो हमालांच्या पाठीवरून. एकीकडे नॅरोगेजची वाघीण, दुसरीकडे ब्रॉडगेजची, मधे दहा-बारा पावलं आणि एक भरलेलं पोतं. पाहणाऱ्यानं ते स्वतः उचलून पलीकडे न्यावं. पंढरपूरच्या वारीसाठी एक डबा, छतावर बसलेल्या माणसांसकट. जुन्या डब्यांची उपाहारगृहं होतात, मुंबईत सीएसएमटीला २०२१ मध्ये एक सुरू झालं. चहा प्यायला माझी हरकत नाही, फक्त बाकडी मूळची असावीत.

रंगाऱ्यानं डबे आवरले. मी टेप मागून घेतली आणि दोन रुळांमधलं अंतर मोजलं. अडीच फूट. त्यानं वाकून स्वतः पुन्हा मोजलं. “एवढंच?” म्हणाला. दोन दिवस तो त्याच चाकांशी बसला होता.