ओल्या फडक्याची फियाट

जुन्या फियाटवाल्याच्या डिकीत जॅक आणि पाण्याच्या बाटलीच्या जोडीला एक सुती फडकं हमखास सापडतं. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी आचके देत बंद पडली, की बॉनेट उघडायचं, फडकं भिजवायचं आणि पेट्रोल पंपावर गुंडाळायचं. हा पंप इंजिनालाच बोल्टने बसवलेला. इंजिनाबरोबर तोही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत इंधन पोचत नाही. पंप गार झाला, की गाडी मुकाट्याने चालू लागते.

ही गाडी खरी मुंबईकर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या गुबगुबीत मॉडेलला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगला गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. लायसन्स-परमिटच्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली ही गाडी दारात आली, की आधी हार आणि नारळ, मग किल्ली.

तिचे नखरे मालकाला पाठ असतात. थंडीत चोक किती ओढायचा, गिअर अडकला तर बॉनेट उघडून कुठला रॉड हलवायचा, पावसाचं पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये गेलं तर कॅप काढून कशी पुसायची. पॉइंट काळे पडले, की पॉलिश पेपर फिरवायचा आणि फटीचं माप फीलर गेजने बघायचं. गेज नसेल, तर जुने मिस्त्री खिशातल्या व्हिजिटिंग कार्डावर भागवतात.

या गाडीवर जीव जडतो तो इथेच. तिचा बिघाड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, त्याचं कारण सांगता येतं. आजची गाडी क्वचित बिघडते. बिघडली, की डॅशबोर्डवर दिवा लावते आणि मालकाला सर्व्हिस सेंटरला पाठवते. फियाट मालकाला मिस्त्रीच्या शेजारी उभं करते, ‘स्पार्क येतोय का बघा’ म्हणते. गाडी आपली आहे हे आरसी बुक सांगतंच. पण ती आपल्याला कळते, हे समाधान वेगळं.

त्याची किंमतही आहे. गंज आधी फ्लोअर खातो, मग दाराखालचा पत्रा. अस्सल पार्टसाठी भंगारबाजार पालथा घालावा लागतो. आजच्या वेगाच्या मानाने ब्रेक तोकडे, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर राखणं भाग असतं.

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. हौशी मालकांकडे गाड्या अजून आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणीही मिळते. मात्र नंबर प्लेटने गाडी चालत नाही. कानाने टॅपेटचा आवाज ओळखणारे मिस्त्री आता म्हातारे झालेत. ज्यांच्याकडे फियाट आहे, त्यांनी घरातल्या पुढच्या पिढीला एकदा तरी पॉइंट घासायला बसवावं. किल्लीबरोबर ही विद्याही वारशात गेली, तरच गाडी टिकेल.