भिंत घासायचं मशीन : हात वाचतात, पण धूळ?

घराला रंग द्यायचा ठरलं की आपल्याकडे सगळी चर्चा होते ती रंगाच्या छटेची. हॉलला मोतिया की फिकट पिस्ता? सासूबाईंचं मत एक, मुलांचं दुसरं, आणि ‘ह्यां’चं म्हणणं एवढंच की कुठलाही द्या, पण दिवाळीच्या आत आटपा! पण मैत्रिणींनो, भिंत कशी दिसणार हे रंगाच्या डब्यात ठरत नाही, ते ठरतं त्याआधीच्या घासकामात. रंगारी आधी लांबी भरतो, म्हणजे आपण जिला पुट्टी म्हणतो ती. ती वाळली की घासतो, मग प्रायमर आणि मग रंग. लांबी नीट घासलेली नसेल तर कितीही महागाचा रंग लावा, ट्यूबलाइट लागली की भिंतीवर पत्र्याचे फटकारे दिसतातच.

हे घासकाम वर्षानुवर्षं हाताने होत आलं. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि खांदे भरून येईपर्यंत घासायचं. आता त्यासाठी विजेचं मशीन आलं आहे, आणि रंगाचं काम घेणारे कंत्राटदार ‘आमच्याकडे मशीनने घासतात’ असं अभिमानाने सांगतात. दरही थोडा चढा लावतात. तो द्यावा का, आणि दिला तर बदल्यात काय मागून घ्यावं, हे आपल्याला ठाऊक हवं. काम चालू असताना घरात बहुतेक वेळा आपणच असतो ना!

मशीन कसं असतं?

लांब दांड्याच्या टोकाला गोल चकती, असं त्याचं रूप. चकती साधारण नऊ इंचांची, म्हणजे २२५ मिलिमीटरची असते. तिच्यावर भोकं असलेला पॉलिश पेपर चिकटवतात आणि त्या भोकांतून भुकटी ओढून घेणारी नळी मागच्या व्हॅक्युमला जोडलेली असते. दांडा लांब असल्यामुळे छतही जमिनीवर उभं राहून घासता येतं, घोडा लावायला नको. हातात मावणारी छोटी मशीनंही मिळतात. ती खिडकीच्या बाजूला, कपाटाच्या वर अशा जागी बरी. सुताराचं पट्ट्याचं मशीन मात्र भिंतीला लावू देऊ नका. ते लाकडासाठी आहे, लांबी क्षणात खरवडून काढतं.

हे दांड्याचं मशीन मूळचं ‘ड्रायवॉल’साठीचं. अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी किंवा पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकतात. तिथे १८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेट यांनी अशा तक्त्याचं पेटंट घेतलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरं झपाट्याने बांधायची वेळ आली तेव्हा ओल्या गिलाव्याऐवजी हे तक्तेच सर्रास वापरात आले. दोन तक्त्यांमधल्या सांध्यावर पट्टी चिकटवून वर लांबीसारखा लगदा भरतात आणि तो घासून सपाट करतात. आपल्याकडे हे तक्ते फॉल्स सीलिंगला आणि पार्टिशनला दिसतात. बाकी भिंती गिलाव्याच्याच, वर पुट्टी. मशीन दोन्हीकडे चालतं, पण हात वेगवेगळा ठेवावा लागतो.

हात कसा चालवावा?

जिप्समच्या तक्त्यावर वरून जाड कागद असतो. मशीन जोराने दाबलं तर लगदा घासला जाऊन खालचा कागद फाटतो, त्याचे तंतू उभे राहतात, आणि रंग दिल्यावर तिथे खरखरीत डाग दिसतो. म्हणून सांध्यावर फक्त चकतीचं वजन पुरे, वरून दाब नको. आपली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी जास्त कडक. पण तिथेही चकती एका जागी थांबली की खळगा पडतो. मशीन सतत फिरतं हवं, आणि चकती पूर्ण सपाट टेकलेली हवी. कडेवर तिरकी टेकली की चंद्रकोरीसारखे ओरखडे उठतात.

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, हे लक्षात ठेवा. पहिल्या खडबडीत हाताला १२०, पुढे १५० किंवा १८०, आणि शेवटच्या हाताला २२०. थेट बारीक कागद लावला तर उंचवटे तसेच राहून नुसते गुळगुळीत होतात. लांबी पूर्ण वाळलेली नसेल तर ती कागदाला चिकटून बसते आणि कागद वाया जातो. उलट सिमेंटची पुट्टी फार दिवस तशीच ठेवली तर दगडासारखी कडक होते. रंगारी ‘आज भरू, उरलेलं पुढच्या आठवड्यात घासू’ म्हणाला तर ते गैरसोयीचं आहे, एवढं तुम्हीही सांगू शकता.

कोपरे, स्विचबोर्डाच्या कडा, चौकटींच्या बाजू इथे मशीनचं काम नाही. तिथे हातानेच घासायला लावा. ओल आलेल्या भिंतीचंही तसंच. पोपडे मशीनने साफ होतील, पण पाणी मुरतं ते शोधल्याशिवाय पावसाळ्यात पुन्हा उठतील.

काम कसं झालं ते पाहण्याची युक्ती सोपी आहे. खोलीत अंधार करा आणि बॅटरी भिंतीला अगदी चिकटून आडवी धरा. समोरून जे दिसत नाही ते सगळे उंचवटे सावल्या पाडून उठून दिसतात. तिथे पेन्सिलीने हलकी खूण करा. मग डोळे मिटून तळवा फिरवा. तांदूळ निवडणाऱ्या बोटांना भिंतीवरचा खडा लपून राहत नाही! आणि हे प्रायमरच्या आधी करा. रंग झाल्यावर दाखवलेली चूक कुठलाच कंत्राटदार खुशीने दुरुस्त करत नाही.

धूळ जाते कुठे?

आता खरा मुद्दा. आम्हा शिक्षिकांना पांढरी भुकटी काही नवी नाही. पुष्कळसे खडू जिप्समचेच असतात. पण फळा पुसताना उडणारी धूळ कुठे आणि चार भिंती घासताना उडणारी कुठे! मशीन वेगाने फिरतं, त्यामुळे व्हॅक्युम नसेल तर हाताने घासण्यापेक्षा धूळ जास्तच उडते, आणि बारीक धूळ तासन् तास हवेत तरंगत राहते. म्हणून ‘मशीन आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, ‘धूळ ओढणारं आहे का?’ हे विचारा.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी ‘नायॉश’ ही सरकारी संस्था आहे. तिने १९९९ मध्ये काढलेल्या पत्रकात म्हटलं आहे, की ड्रायवॉल घासणाऱ्या कामगारांभोवती एकूण धुळीचं प्रमाण तिथल्या कायद्याच्या मर्यादेच्या १० पटींपर्यंत आढळलं. ती मर्यादा एका घनमीटर हवेत १५ मिलिग्रॅम आहे. सांध्याच्या लगद्यात अभ्रक, शंखजिरं, काही वेळा सिलिकाही असते, आणि सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. पण त्याच पत्रकात दिलासाही आहे. घासणीलाच धूळ ओढणारी नळी जोडली, तेव्हा धूळ ८० ते ९७ टक्क्यांनी कमी झाली.

आपल्या घरी ही धूळ दोन दिवस. घासायला येणाऱ्या पोराच्या नशिबी ती वर्षभर. संध्याकाळी त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, तोंडाला रुमाल बांधलेला असतो, आणि तो रुमाल बारीक धुळीला अडवत नाही. २०२० पासून एन-९५ मास्क आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला. तोच इथे हवा, नाकावर नीट बसलेला. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रंगकाम करतात. पालकसभेत त्यांच्याशी बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, ‘‘बाई, मास्क लावला तर मालक म्हणतात, लई नाजूक झालास. आणि व्हॅक्युमचं मशीन सांगितलं तर म्हणतात, मग दर कमी कर.’’ मैत्रिणींनो, यातला ‘मालक’ म्हणजे कंत्राटदारच असतो असं नाही. घासाघीस करून दर पाडणाऱ्या आपणही त्यात येतो. घरातल्या आजोबांच्या दम्यासाठी जो खर्च आपण विचार न करता करू, तो त्या पोराच्या छातीसाठी जड वाटायला नको.

जुना तेलरंग असेल तर थांबा

भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसं पुष्कळ असू शकतं. स्वयंपाकघराची अर्धी भिंत, दारं, खिडक्यांचे गज अशा ठिकाणी हे जुने थर असतात. त्यांवर कोरडं मशीन फिरवलं तर शिशाची धूळ घरभर होते. ती जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक आहे, आणि सुरक्षित म्हणावं असं त्याचं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. असे थर पाणी लावून, पाणीपेपरने, हातानेच घासायला सांगा. ओल्या भिंतीवर विजेचं मशीन मात्र कधीही नको. गरोदर सून-लेक आणि लहान मुलं त्या दिवसांत दुसरीकडे राहिली तर उत्तम.

स्वतः करणार असाल तर

एखाद-दुसरी खोली असेल तर मशीन भाड्याने आणून घरी करता येतं. मोठ्या गावांत हत्यारं भाड्याने देणारी दुकानं आहेत. दांड्याचं मशीन तीन-चार किलोंचं भरतं, तेव्हा तासभर झाला की विश्रांती घ्या. पदर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या नकोत. वायर खांद्यावरून मागे सोडा. पेपर बदलताना स्विच बंद करून पिनही काढा. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे. घरचा साधा व्हॅक्युम क्लीनर जोडू नका. ही भुकटी इतकी बारीक असते की त्याची पिशवी पार करून मोटरीत जाते.

काम सुरू होण्याआधी पंखे आणि एसी बंद करा. एसी चालू राहिला तर धूळ ओढून घेतो आणि पुढे महिनाभर परत देतो. पलंग-कपाटांवर जुन्या चादरी नकोत, त्यांतून धूळ झिरपते. प्लास्टिकच घाला. दाराला ओला पडदा लावा, आणि डाळ-तांदळाचे डबे दुसऱ्या खोलीत हलवा.

झाल्यावर केरसुणी फिरवायचा मोह होईल, तो आवरा. बसलेली धूळ पुन्हा उडते. आधी ओल्या फडक्याने, मग दोनदा पाणी बदलून पुसा. आणि एक अगदी बारीक पण महत्त्वाची गोष्ट : लांबीची पातेली नि ते पांढरं पाणी मोरीत ओतू देऊ नका. पांढरं सिमेंट पाण्यातही घट्ट होतं. पाइपात थर बसला की प्लंबरचा खर्च वेगळा! बादलीत गाळ खाली बसू द्या, वाळला की कचऱ्यात टाका.

कंत्राटदाराशी बोलताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : मशीनला व्हॅक्युम असेल, घासणाऱ्याला एन-९५ मास्क मिळेल, जुना तेलरंग ओलाच घासला जाईल, आणि प्रायमरच्या आधी भिंत तुम्ही बॅटरीने पाहाल. छटा कोणती ते नंतर ठरवा. त्याला वेळ आहे.